वाचकांचे प्रश्न : गावाला निधी आला, मग काम अडते कुठे?

ग्रामपंचायतीच्या निधीतून होणाऱ्या बांधकामांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून लिहिणाऱ्यांची व गावांची नावे गाळली आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना धरून आहेत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे १० लाख रुपये खात्यात आहेत. गावाची मागणी एकच, मुख्य गल्लीचा सिमेंट रस्ता. पण ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, चार लाखांच्या वर रस्त्याला हात लावता येणार नाही. हा नियम आहे की अडवणूक?

उत्तर : नियम आहे. पंधराव्या आयोगाच्या अनुदानात ४० टक्के रक्कम अबंधित आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेली, असते. एकूण रकमेच्या ३० टक्के पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर ३० टक्के स्वच्छता व हागणदारीमुक्त दर्जा टिकवण्यासाठी राखलेले असतात. तुमच्या दहा लाखांत चार लाख अबंधित, तीन लाख पाण्याचे आणि तीन लाख स्वच्छतेचे झाले. रस्ता फक्त अबंधितात बसतो. ही वाटणी २०२१-२२ पासूनची आहे. त्याआधीच्या २०२०-२१ या वर्षी बंधित-अबंधित निम्मे निम्मे होते, त्यामुळे त्या वर्षाची शिल्लक असेल तर तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

अबंधित म्हणजे वाटेल तिकडे खर्च, असेही नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी कशावरही तो खर्च करता येतो, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून भागवता येत नाही. शिपायाचा थकलेला पगार या खात्यातून काढला, तर लेखापरीक्षणात ती वसुली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या नावावर निघू शकते.

आता तुमच्या गल्लीकडे वळू. रस्ता करायचा म्हणजे त्याखालची जुनी पाण्याची वाहिनी बदलायला हवी आणि कडेला सांडपाण्याची गटारही हवी. वाहिनी पाण्याच्या तीन लाखांत बसते. गटार किंवा शोषखड्डे स्वच्छतेच्या तीन लाखांत बसतात. म्हणजे दहाही लाख त्याच गल्लीत, नियमात राहून खर्च होऊ शकतात, फक्त ती तीन वेगळी कामे असली पाहिजेत. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, मोजमाप वेगळे, देयक वेगळे. गटाराच्या अंदाजपत्रकात रस्त्याचे काँक्रीट घुसवण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी सुचवली जाते. ती करू नका, कारण मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदीचा मेळ बसत नाही आणि पहिल्याच तपासणीत ते उघडे पडते.

क्रमही हाच ठेवा : आधी वाहिनी व घरोघरच्या नळजोडण्या, मग गटार, शेवटी रस्ता. उलट केले की सहा महिन्यांत नळजोडणीसाठी नवा रस्ता फोडला जातो आणि तो पुन्हा कधीच सरळ होत नाही. शोषखड्डे घेणार असाल तर माती पाहा. मुरमाड जमिनीत एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि खोल खड्डा एका घराला पुरतो. काळ्या चिकणमातीत तो लवकर तुंबतो, तिथे गटारच बरे.

ही तिन्ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात, म्हणजे ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात, असायला हवीत. नसतील तर ग्रामसभेच्या ठरावाने आराखड्यात बदल करून तो ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर चढवावा लागतो. आणखी एक सांगणे : पंधराव्या आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचा आहे. २०२६-२७ पासून पाच वर्षे सोळाव्या आयोगाची आहेत. नव्या आयोगाच्या हप्त्याला जुनी टक्केवारी गृहीत धरू नका. हप्त्यासोबत निघणारा शासन निर्णय वाचा आणि मगच कामे ठरवा.

प्रश्न : ग्रामसभेला माणसे जमत नाहीत. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेत मंजूर केलेला आराखडा चालतो का?

उत्तर : चालतो. ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मात्र मूळ विषयपत्रिकेत नसलेला विषय तिथे घुसवू नये, आव्हान मिळते ते नेमके त्यावर. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नोटीस कुठे लावली आणि दवंडी कधी दिली याची नोंद ठेवा. आणि त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यायला विसरू नका. ती अनेक गावांत फक्त कागदावरच होते, आणि पाणी कुठे मुरते हे नेमके माहीत असलेली माणसे आराखड्याबाहेर राहतात.

प्रश्न : अंदाजपत्रक ठेकेदारच करून आणतो आणि कनिष्ठ अभियंता सही करतात. शंभर मीटर रस्त्याला किती साहित्य लागते हे सामान्य सदस्याला कसे कळावे? आणि चार लाखांच्या कामात ठेकेदार ‘हातात काहीच राहत नाही’ असे का म्हणतो?

उत्तर : आधी कागदांचा क्रम. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा किंवा दरपत्रके, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला. अंदाजपत्रक पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याने जागेवर फीत लावून, चालू राज्य दरसूचीच्या दराने करायचे असते. ठेकेदाराने आणलेल्या अंदाजपत्रकात हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे रुंदी. कागदावर सरसकट तीन मीटर लिहिलेले असते आणि गल्ली प्रत्यक्षात अडीच मीटरची निघते. निविदा किती रकमेपासून ई-पद्धतीने काढायची ही मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या समजुतीवर जाऊ नका, ग्रामविकास विभागाचा ताजा निर्णय पाहा.

आता साहित्य. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाड थर म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट, जवळपास १६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). अंदाजपत्रकात एम-२० प्रतीचे काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३) लिहिले असेल तर घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागते, म्हणजे ३६० पोती. वाळू सुमारे ७ ब्रास आणि खडी सुमारे १४ ब्रास. खाली १० सेंटीमीटरचा १ : ४ : ८ चा थर धरला असेल तर तो ३० घनमीटर होतो आणि त्याला आणखी शंभरेक पोती लागतात. हे आकडे कागदावर लिहून घ्या आणि कामाच्या दिवसांत रिकामी पोती मोजा.

थर १५ ऐवजी १२.५ सेंटीमीटरचा पडला तर वरून काहीही दिसत नाही, पण साडेसात घनमीटर काँक्रीट आणि ६० पोती सिमेंट वाचलेले असते. ते दोन्ही बाजूंच्या साच्याच्या पट्ट्यांची उंची मोजून ओतण्यापूर्वीच पकडता येते. नुसती कडेची उंची पाहू नका. दोन पट्ट्यांवर दोरी ताणून मधल्या भागात खालपर्यंत माप घ्या, कारण तळाची माती मध्ये उंच ठेवून कडेला पूर्ण जाडी दाखवण्याचा प्रकार जुनाच आहे.

पाण्याकडेही लक्ष ठेवा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे एम-२० च्या ठोक मिश्रणात ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालते. मजुरांना पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून बादल्या वाढत जातात आणि रस्त्याचा वरचा थर वर्षभरात भुकटी होऊन उडतो. दोन्ही बाजूंना दोन टक्के उतार हवा, म्हणजे तीन मीटर रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा तीन सेंटीमीटर उंच. सुमारे चार मीटरवर आडवे सांधे, काँक्रीट घट्ट झाल्यावर पण पहिल्या चोवीस तासांच्या आत, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतके खोल कापायचे असतात. ते कापले नाहीत तर काँक्रीट आपल्या सोयीने तडकते. पाणी किमान १४ दिवस मारायचे, तेही मातीची आळी करून किंवा ओली पोती टाकून. सकाळी एकदा पाइपने शिंपडल्याने काही होत नाही.

काँक्रीटची ताकद तपासण्याचे ठोकळे विसरू नका. ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्यात तीन ठोकळे असतात, म्हणजे बारा. ते कामाच्या जागेवर, तुमच्या समोर भरलेले असावेत. तयार ठोकळे प्रयोगशाळेत परस्पर पोहोचत असतील तर त्या अहवालाला अर्थ नाही.

ठेकेदाराचे म्हणणे निम्मे खरे आहे. चार लाखांची रक्कम जीएसटीसह असेल तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे ६१ हजार जीएसटी असतो आणि प्रत्यक्ष कामाला ३ लाख ३९ हजार उरतात. शिवाय बांधकाम कामगार उपकर एक टक्का, आयकराची कपात वैयक्तिक ठेकेदाराला एक व इतरांना दोन टक्के, करार अडीच लाखांवरचा असेल तर जीएसटीची दोन टक्के कपात, गौण खनिजाचे (वाळू, खडी वगैरेंचे) स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, आणि सुरक्षा अनामत. यांपैकी आयकराची आणि जीएसटीची कपात त्याच्या नावावर जमा होते आणि अनामत परत मिळते, हे तो सांगत नाही. मात्र ही सगळी वजावट माहीत असूनही अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के कमी दराने निविदा भरलेली असेल, तर ती तूट कुठून भरून निघणार हे उघड आहे : सिमेंटच्या पोत्यांतून. सर्वांत कमी दर पाहून खूश होण्याआधी त्या ठेकेदाराकडून दरांचे विश्लेषण लेखी मागावे.

प्रश्न : स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता मंजूर झाला, पण मधली शंभर फूट जमीन खासगी आहे. मालकाने शंभरच्या स्टॅम्पवर संमतिपत्र दिले तरी प्रस्ताव परत आला. आता?

उत्तर : संमतिपत्र नोटरी केले तरी मालकी बदलत नाही. आज संमती देणारा उद्या ती काढून घेतो, किंवा त्याच्यानंतर मुले हरकत घेतात आणि झालेला रस्ता बंद पडतो. म्हणून प्रस्ताव परत आला असेल तर ते योग्यच झाले. जमीन दान मिळत असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. त्यावर दात्याची व दोन साक्षीदारांची सही लागते. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचे नाव लावून घ्या.

त्याआधी चालू सातबारा नीट वाचा. सहहिस्सेदार असतील तर सर्वांच्या सह्या लागतील, त्यांत लग्न होऊन गेलेल्या बहिणीही आल्या. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी त्यांची ना-हरकत घ्यावी लागते. भोगवटादार वर्ग २ ची (विक्रीवर सरकारी बंधन असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि तिथे मग वर्षभर गृहीत धरा.

दुसरा कागद ग्रामपंचायतीतच असतो आणि तोच सापडत नाही : नमुना २३, म्हणजे ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. रस्ता त्यात नसेल तर आधी नोंद करून घ्या. गावठाणाबाहेरच्या रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक मिळालेला नसेल, तर जिल्हा परिषदेच्या रस्ते-लेखाशीर्षातून (रस्त्यांसाठीच्या निधीच्या खात्यातून) त्याला पैसा मिळणे कठीण. गावठाणात सातबारा नसतो. तिथे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर तिचा नकाशा जोडावा, त्यात रस्ते स्पष्ट दाखवलेले असतात.

प्रश्न : हप्ता शेजारच्या गावांना आला, आम्हाला नाही. पंचायत समितीत विचारले की ‘वरून आला नाही’ एवढेच सांगतात.

उत्तर : वरून सर्वांना एकाच वेळी येतो. राज्याला केंद्राकडून रक्कम मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती पुढे द्यावी लागते, उशीर झाला तर राज्याला व्याज भरावे लागते. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जातात. एकट्या तुमच्या गावाचा हप्ता अडला असेल तर कारण गावातच शोधा.

तीन कारणे नेहमीची. विकास आराखडा ई-ग्रामस्वराजवर चढलेला नाही. मागच्या वर्षाचे तात्पुरते लेखे किंवा त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन उपलब्ध नाहीत, अनेकदा महिनाअखेरची वही बंद केलेली नसते म्हणून पुढचे सगळे अडते. तिसरे कारण, मुदत संपून प्रशासक बसला आहे. रीतसर निवडून आलेली संस्था ही या अनुदानाची अटच आहे. याच अटीमुळे २०२२ पासून प्रशासकांच्या हाती गेलेल्या पंचायत समित्या व जिल्हा परिषदांच्या वाट्याचे हप्ते थांबले.

पैसा खात्यावर आहे पण देयक जात नाही, ही तक्रार वेगळी. ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांशिवाय रक्कम निघत नाही. सरपंच बदलले की नवी स्वाक्षरी घेऊन ती प्रणालीत नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते. जुन्या सरपंचांचे स्वाक्षरी-उपकरण आणि पासवर्ड ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असणे ही फार ठिकाणची रीत आहे आणि ती मोडून काढायला हवी. नव्या सरपंचांनी आपले उपकरण स्वतःजवळ ठेवावे. देयक पाठवूनही परत येत असेल तर पुरवठादाराचा आयएफएससी क्रमांक तपासा. बँकांच्या विलीनीकरणात बरेच क्रमांक बदलले आहेत.

प्रश्न : जलजीवन मिशनमधून टाकी झाली, नळ आले. पहिली दोन वर्षे पाणी आले, आता मार्चपासून नळ कोरडे. वीजबिलही थकले. ही जबाबदारी कोणाची?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत. त्यांचा इलाज वेगळा आहे.

नळ मार्चमध्ये कोरडे पडतात याचा अर्थ उद्भव, म्हणजे पाणी जिथून घेतले ती विहीर, कमी पडतो आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. बाराशे वस्तीला ६६ हजार लिटर झाले. विहिरीची आवक-चाचणी (तिला किती पाणी येते याची तपासणी) डिसेंबर-जानेवारीत घेतली असेल तर ती हे पाणी सहज दाखवते, मे महिन्यात तीच विहीर त्याच्या पाव हिश्श्यावर येते. पाइप आणि टाकी मोठी केल्याने हे सुटत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला पत्र देऊन उन्हाळ्यात पुन्हा चाचणी घ्यायला लावा. विहिरीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बंधारा घालणे, असलेल्या बंधाऱ्यातला गाळ काढणे, पुनर्भरण चर खणणे ही कामे बंधित निधीच्या पाण्याच्या वाट्यातून होतात. विहिरीजवळ शेतीसाठी नवी विंधन विहीर झाली आहे का, हेही पाहा. हा विषय ग्रामसभेत काढायला कोणी तयार नसतो, कारण विंधन विहीर बहुधा एखाद्या सदस्याच्याच भावाची असते.

वीजबिलाचा हिशेब मांडून पाहा. पाच अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर मोटरची कार्यक्षमता धरून २८ युनिट लागतात, महिन्याला ८४० च्या आसपास. २४० घरे असतील तर घरामागे साडेतीन युनिट. एवढ्या विजेचे पैसे गावाला जड नाहीत. थकबाकी साचते ती पाणीपट्टी वसूल न केल्यामुळे, आणि पट्टी वसूल होत नाही ती निवडणुकीच्या वर्षी माफ करण्याच्या सवयीमुळे. पाणीपुरवठ्याचे वीजबिल बंधित निधीतून भरायला राज्याने मुभा दिली आहे, पण ती अडचणीपुरती वापरावी. पंपचालकाचा पगार त्यातून देता येत नाही, तो पट्टीतूनच द्यावा लागेल. पाणीपट्टी ठरवताना वीज, चालकाचे मानधन, शुद्धीकरण आणि पंप जळाल्यास दुरुस्ती, या चार बाबींची वर्षाची बेरीज करून घरांच्या संख्येने भागा. तो आकडा फलकावर लिहा. वाद पुष्कळ कमी होतो.

शुद्धीकरणाचे प्रमाण बऱ्याच ठिकाणी अंदाजाने चालते, म्हणून सांगतो : हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, म्हणजे ६६ हजार लिटरला ३३० ग्रॅम. बादलीत कालवून, निवळून वरचे पाणी टाकीत सोडायचे. गाळ टाकीत गेला तर वास आणि तक्रारी. पावडर उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो, त्यामुळे शेवटच्या घराच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) घ्या. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे.

योजना अजून ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली नसेल तर घाईने ताबा घेऊ नका. पंप, वाहिनी, झडपा आणि प्रत्येक नळ उन्हाळ्यात चालवून पाहा, त्रुटींची यादी लेखी द्या आणि त्या दूर झाल्यावरच सही करा. एकदा सही झाली की फुटलेली वाहिनी तुमची. लोकवर्गणी गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के आहे. डोंगरी व वनक्षेत्रातल्या, तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांना ५ टक्के. ती रोख, वस्तू किंवा श्रम यांपैकी कशानेही देता येते. खंदक खोदण्याची मजुरी वर्गणीत धरायची असेल तर हजेरीपत्रक कामाच्या दिवसांतच ठेवा, नंतर तयार केलेले कोणी मानत नाही.

प्रश्न : आमदारांकडे पाच वेळा मागणी केली, पण दर वेळी ‘प्रस्ताव द्या’ म्हणतात. प्रस्ताव म्हणजे नेमके काय द्यायचे?

उत्तर : एक पानी विनंतीअर्जाला प्रस्ताव म्हणत नाहीत. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा किंवा नमुना २३ ची प्रत, अभियंत्याचे अंदाजपत्रक, जागेची छायाचित्रे, आणि हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेत मंजूर नाही असा दाखला, एवढे एका फायलीत असले की पैसा उपलब्ध झाल्याच्या दिवशी काम यादीत जाते. आर्थिक वर्ष संपत आले की शिल्लक निधीला कामे शोधली जातात, तेव्हा फाइल तयार असलेली गावे पुढे निघतात. हे बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न, पण असेच चालते.

लेखाशीर्ष पाहून मागा. गावांतर्गत छोटे रस्ते, सभामंडप वगैरेंसाठी लोकप्रतिनिधी सुचवतात तो २५१५ या लेखाशीर्षाचा निधी. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत इमारत यांसाठी जिल्हा नियोजन समितीतून जनसुविधेचे विशेष अनुदान. पाच हजारांवर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतींना नागरी सुविधांचे वेगळे अनुदान. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीत काम असेल तर समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना, आदिवासी वस्तीत ठक्कर बाप्पा योजना. वस्त्यांना जोडणारा नवा रस्ता २५ डिसेंबर २००० पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत पाहावा. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २५० लोकसंख्येची वस्ती ही तिची मूळ अट आहे. आमदार-खासदार निधीतून कायमस्वरूपी सार्वजनिक मालमत्ता उभी राहते, तिची पुढची देखभाल ग्रामपंचायतीनेच करायची असते. समाजमंदिर मागण्याआधी त्याचे वीजबिल कोण भरणार हे ठरवा.

प्रश्न : आमचा पाडा पेसा क्षेत्रात आहे. वेगळा निधी मिळतो असे ऐकले.

उत्तर : मिळतो. पेसा हा अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा. आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधी २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट दिला जातो. खर्चाचा निर्णय त्या-त्या गावाच्या ग्रामसभेने घ्यायचा असतो, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेने नव्हे. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित झाली आहे का, ते आधी तपासा.

प्रश्न : मी साधा ग्रामस्थ आहे. गेल्या दिवाळीत झालेला काँक्रीट रस्ता सहा महिन्यांत तडकला. तक्रार केली तर ‘काम नियमानुसार आहे’ असे लेखी उत्तर आले. आता काय करता येईल?

उत्तर : तडा कुठे आहे ते आधी पाहा. दर चार-पाच मीटरवर सरळ आडवा तडा असेल तर सांधे कापले नाहीत किंवा उशिरा कापले. जाळ्यासारख्या बारीक भेगा आणि हाताने घासून निघणारी भुकटी म्हणजे मिश्रणात जास्त पाणी आणि नंतर वरून कमी मारलेले पाणी. एका कोपऱ्यात तुकडा खचला असेल तर खालचा भराव दाबलेला नाही. लांबीच्या दिशेने, गटाराला समांतर तडा असेल तर गटाराच्या चरात भरलेली माती बसली आहे. तक्रारीत ‘निकृष्ट’ एवढेच न लिहिता जागा, अंतर आणि छायाचित्र द्या.

मग कागद मागवा. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर गावाचा आराखडा व झालेली देयके लॉगिन न करता कोणालाही पाहता येतात. वित्त आयोगाचे काम असेल तर रक्कम व तारीख तिथेच मिळेल. बाकीच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून द्या. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. ‘सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहू नका. कामाचे नाव देऊन अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, ठोकळ्यांचा चाचणी अहवाल, अंतिम देयक आणि दोषदायित्वाचा कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान, एवढे मागा. पानाला दोन रुपये पडतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा.

दोषदायित्वाचा कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची आहे आणि त्याची अनामत तोवर सोडता येत नाही. म्हणून अर्जाबरोबरच ‘अनामत रक्कम सोडू नये’ असे स्वतंत्र पत्र ग्रामपंचायत व उपअभियंता दोघांना देऊन पोच घ्या. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्याला पाच वर्षांची देखभाल करारातच असते. त्या रस्त्याच्या फलकावर तारीख लिहिलेली असते, तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवरही करता येते.

माहिती अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही येते, हा हक्क फारच थोडे लोक वापरतात. त्यानुसार रस्त्यातून कोअर, म्हणजे यंत्राने आरपार कापलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढण्याची मागणी करा. किमान तीन कोअर घ्यावेत आणि त्यांच्या जागा ठेकेदाराने नव्हे, तक्रारदाराने दाखवाव्यात. कोअरची लांबी हीच रस्त्याची खरी जाडी, तिथे वाद उरत नाही. ताकदीसाठी भारतीय मानकाचा निकष असा : तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांपेक्षा कमी नको आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम-२० साठी सरासरी १७ आणि प्रत्येकी १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. नमुन्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या करून ते जागेवरच सीलबंद करा, आणि रस्त्यात पडलेली भोके त्याच दिवशी काँक्रीटने बुजवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात खालचा भराव तिथूनच वाहून जाईल आणि दोष तुमच्या नावावर लागेल.